पावसाळ्यात बॉडीवर ग्लॉस मारला की पांढरट पडदा येतो, त्याचं काय करायचं

जून संपत आला की हा प्रश्न ठरलेला. १/२४ ची मॉडेल गाडी (खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्श्याची), जोडायचं महागाचं किट, बॉडी साबणाने धुतली, प्रायमर मारला, ओल्या पॉलिश पेपरने घासला, मग हौसेने ग्लॉस काळा मारला आणि पंधरा मिनिटांनी बघतोय तर बॉनेटवर आणि टपावर पांढरट धुरकट पडदा. चमक कुठेच नाही. मग पहिला संशय रंगावर, दुसरा दुकानदारावर, आणि तिसऱ्या दिवशी माणूस दुसऱ्या ब्रँडचा रंग मागवतो आणि त्यालाही तेच होतं. मंडळी, रंग बदलून हे जाणार नाही, कारण दहातल्या नऊ वेळा रंगात काही खोट नसतेच. खोट त्या वेळच्या हवेत आणि बॉडीच्या तापमानात असते, आणि ती दोन्ही मोजता येतात. इंग्रजीवाले याला ब्लशिंग म्हणतात, आपले फर्निचर पॉलिशवाले सरळ ‘पांढरं पडलं’ म्हणतात.

आधी नेमकं होतं काय ते बघू, कारण ते एकदा डोक्यात बसलं की पुढचे सगळे उपाय आपोआप सुचतात. लॅकर रंग म्हणजे रेझिन (वाळून थर धरणारी राळ), रंगद्रव्य आणि भराभर उडून जाणारं सॉल्व्हंट. सॉल्व्हंट उडताना पृष्ठभागातली उष्णता घेऊन जातं, मातीच्या माठातलं पाणी गार होतं तोच हिशोब, फक्त इथे तो काही सेकंदांत होतो. थिनरमध्ये अ‍ॅसिटोनसारखा घाईचा माल जास्त असेल तर ओल्या रंगाचं तापमान खोलीपेक्षा चांगलंच खाली जातं. आता हवा दमट असेल तर त्या गार झालेल्या ओल्या थरावर हवेतली वाफ पाणी होऊन बसते. ते पाणी थरात घुसतं, रेझिन त्या पाण्यात विरघळत नाही म्हणून जागच्या जागी साखळतं, नंतर पाणी उडून जातं पण बारीक बारीक पोकळ्या मागे राहतात. त्या पोकळ्यांवर उजेड विखुरतो आणि आपल्याला पांढरं दिसतं. म्हणजे पांढरं काही लागलेलं नसतं, थरात सूक्ष्म छिद्रं असतात एवढंच. म्हणूनच कापडाने पुसून ते जात नाही, आणि म्हणूनच बऱ्याच वेळा ते परत आणता येतं, रंग काढून टाकायची गरज पडत नाही.

हवेतली वाफ कुठल्या तापमानाला पाणी होते त्याला दवबिंदू म्हणतात, शाळेत भूगोलात होतं हे. आपल्याला फक्त एकच आकडा हवाय, खोलीचं तापमान आणि दवबिंदू यातला फरक. त्याचा एक ढोबळ हिशोब आहे, आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या वर असेल तर बऱ्यापैकी बरोबर येतो: १०० मधून आर्द्रतेची टक्केवारी वजा करा आणि उत्तराला ५ ने भागा. मुंबईत जुलैमध्ये आर्द्रता ८५ टक्के हे नेहमीचंच. १०० वजा ८५ म्हणजे १५, भागिले ५ म्हणजे ३. फरक फक्त ३ अंश! खोली ३० अंशावर असेल तर बॉडी २७ ला आली की पाणी धरायला लागली. आणि लॅकरचा एक ओला कोट ३ अंश खाली न्यायला काहीच वेळ लावत नाही. तेच आर्द्रता ६० टक्के असेल तर फरक ८ अंश, ५० ला १० अंश. म्हणून तोच स्प्रे कॅन, तोच हात, तीच बाल्कनी, जानेवारीत आरशासारखं येतं आणि जुलैत धुरकट. यात कौशल्याचा प्रश्न नाही.

त्यामुळे पहिली खरेदी रंगाची नाही तर हायग्रोमीटरची. तापमान आणि आर्द्रता दोन्ही दाखवणारा छोटा डिजिटल मिळतो, फार महाग नसतो. तो जिथे स्प्रे मारणार त्याच जागी अर्धा तास ठेवा आणि मग वाचा, मोबाईलवरच्या हवामानाच्या अ‍ॅपवर जाऊ नका, ते वेधशाळेचा किंवा विमानतळाचा आकडा देतं, तुमच्या गॅलरीत ओले कपडे वाळत असतील तर तिथली हवा वेगळीच असते. माझा नियम असा: फरक ७-८ अंशांच्या वर असेल तर बिनधास्त मारा, ५ ते ७ असेल तर रिटार्डर (रंग हळू वाळावा म्हणून घालायचं सॉल्व्हंट) घालून पातळ कोट, आणि ४ च्या खाली असेल तर ग्लॉसला हातच लावायचा नाही, त्या दिवशी इंजिन, चेसिस, सीटा रंगवा, मॅटचं ब्रशने करायचं काम कमी पडत नाही कुठल्याच किटमध्ये.

पण थांबा, आधी खात्री करा की तुमच्याकडे आलंय ते ब्लशिंगच आहे. पांढरट दिसणाऱ्या तीन-चार गोष्टी असतात आणि सगळे त्याला एकाच नावाने ओरडतात. एक साधी टेस्ट: धुरकट जागेवर बोटाने स्वच्छ पाण्याचा थेंब पसरवा. ओलं असताना धुरकटपणा पूर्ण गायब झाला आणि वाळल्यावर परत आला तर बहुतेक वेळा दोष वरच्या पृष्ठभागावर आहे, म्हणजे पृष्ठभाग खरखरीत झालाय. पाण्याखालीही पांढरं तसंच दिसत राहिलं तर ते थराच्या आत आहे, म्हणजे ब्लशिंग. टेस्ट शंभर टक्के नाही पण दिशा कळते.

खरखरीत असेल तर तो ड्राय स्प्रे. त्याचं कारण बरोबर उलटं आहे, रंगाचे थेंब बॉडीवर पोचायच्या आधी हवेतच अर्धे वाळतात आणि धुळीसारखे बसतात. बोट फिरवलं की कचकच लागते. नागपूर, अकोल्याच्या मंडळींना मे महिन्यात हे होतं, पारा ४५ च्या आसपास आणि हवा ठणठणीत कोरडी, त्यांनी कोकणातल्या माणसाचा सल्ला ऐकून अजून लांबून, अजून पातळ कोट मारले की आणखी बिघडतं. गंमत अशी की औषध दोघांनाही एकच लागू पडतं, हळू उडणारं थिनर, पण विदर्भात ते थेंब ओले राहावेत म्हणून आणि आपल्याकडे थर फार पटकन गार होऊ नये म्हणून. ड्राय स्प्रे झाला असेल तर जवळून मारा, एअरब्रश (कंप्रेसरच्या हवेवर चालणारी छोटी स्प्रे गन) असेल तर १० सेंमीच्या आसपास, आणि झालेलं २००० च्या ओल्या पेपरने घासून परत कोट.

तिसरी भानगड म्हणजे कंप्रेसरचं पाणी. यात सगळीकडे सारखा पडदा येत नाही, गोल गोल ठिपके किंवा खड्डे येतात, कधी एअरब्रश मधेच ‘थू’ करून थुंकतो. हवा दाबली की तिच्यातली वाफ पाणी होते, पावसाळ्यात तर टाकीच्या तळाला चक्क पाणी साठतं. टाकी असेल तर खालचा ड्रेन प्रत्येक वेळी काम झाल्यावर उघडा. बिनटाकीचा छोटा कंप्रेसर असेल तर तो गरम हवा सोडतो, ती मॉइश्चर ट्रॅपमधून (हवेतलं पाणी अडवणारा फिल्टर) वाफ म्हणूनच निघून जाते आणि पुढे होजमध्ये गार होऊन पाणी बनते, म्हणजे ट्रॅप कोरडा आणि होज ओला. म्हणून ट्रॅप कंप्रेसरला चिकटून न लावता होज थोडा लांब ठेवून हाताजवळ लावा, एअरब्रशच्या खालीच बसणारे छोटे ट्रॅप मिळतात. हे सगळं चांगलंच आहे पण एक गैरसमज काढून टाका, ट्रॅप लावला म्हणून ब्लशिंग थांबत नाही. ब्लशिंगला लागणारं पाणी खोलीतल्या हवेतून येतं, होजमधून नाही. ट्रॅपवर पैसे घालवून ‘तरी पांढरं होतंय’ म्हणणारे खूप भेटतात.

आता एसी. एसीतली हवा कोरडी असते हे सगळ्यांना माहितीये, म्हणून लोक काय करतात, बॉडी रात्रभर एसीच्या खोलीत ठेवतात, सकाळी उचलून बाल्कनीत नेतात आणि लगेच कॅन मारतात. हे सगळ्यात वाईट! खोली २४ वर, बाहेरचा दवबिंदू २६-२७, म्हणजे बॉडी बाहेर आली त्याच क्षणी तिच्यावर पाण्याचा अदृश्य थर बसला, अजून रंग मारलाच नाहीये. बोट फिरवून बघा, ओलसर लागेल. त्याच्यावर लॅकर मारलं की पांढरं पण होणार आणि पुढे मास्किंग टेप काढताना रंगही उचकटणार. बाहेरच मारायचं असेल तर बॉडी, कॅन, स्टँड सगळं तासभर बाहेरच्या तापमानाला येऊ द्या, किंवा त्याहून चांगलं म्हणजे बॉडी थोडी कोमट करून न्या, ते खाली सांगतो. एसीच्या खोलीतच मारायचं म्हणाल तर एअरब्रश आणि हवा बाहेर फेकणारा स्प्रे बूथ असेल तर ठीक, तरी लक्षात ठेवा बूथ जेवढी हवा बाहेर टाकतो तेवढी बाहेरची दमट हवा दाराच्या फटीतून आत येते, त्यामुळे एसी आधी तासभर चालवा आणि कोट छोटे ठेवा. कॅन मात्र बंद खोलीत नको. त्यातला गॅसही पेट घेणारा आणि सॉल्व्हंटही, आणि घरात देवासमोर निरांजन, स्वयंपाकघरात गॅस चालू असतो. मास्क पण ऑरगॅनिक व्हेपर कार्ट्रिजवाला, करोनातला कापडी काही कामाचा नाही.

सध्या हातात असलेली केस सांगतो म्हणजे क्रम कळेल. एका मित्राने प्रीमियर पद्मिनीची १/२४ ची थ्रीडी प्रिंट केलेली रेझिन बॉडी आणलीये, अर्थातच मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी करायचीये. (शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली, मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यावर एकही अधिकृत पद्मिनी टॅक्सी नाही. त्या महिन्यापासून ही बॉडी प्रिंट करून मागणारे वाढलेत असं मला उगाच वाटतं.) पिवळा आधी, कारण पिवळा झाकतच नाही, त्याच्याखाली पांढरा प्रायमर लागतो, करड्या प्रायमरवर पिवळा मारला की हिरवट मळकट दिसतो. मग टप टेपने झाकून (मास्क करून) खालची बॉडी काळी. पिवळा मस्त आला होता आणि काळा धुरकट, आणि मित्राचं म्हणणं की पिवळा चांगला, काळा डुप्लिकेट. दोन्ही एकाच दिवशी, एकाच हवेत मारले होते! पिवळ्यावर पण पडदा आला होता, फक्त फिक्या रंगावर तो डोळ्याला दिसत नाही, काळ्यावर, गडद निळ्यावर आणि मरूनवर लगेच दिसतो. तिरप्या उजेडात टॉर्च धरला तेव्हा पिवळा टपही मंद दिसला. त्यामुळे पांढऱ्या गाडीवर ‘मला कधीच ब्लशिंग होत नाही’ म्हणणाऱ्यांचं फार मनावर घेऊ नका.

आता झालेलं कसं काढायचं. सगळ्यात आधी काहीच करू नका. खरंच. पडदा आत्ताच दिसला असेल तर बॉडी लगेच कोरड्या, थोड्या उबदार जागी न्या, ३५ ते ४० अंश पुरे. रंग अजून मऊ असताना पाणी आधी निघून गेलं तर थर परत बसतो आणि हलका पडदा आपोआप जातो. यासाठी झाकणाचा मोठा प्लास्टिकचा डबा आणि त्यात सिलिका जेलच्या पिशव्या, एवढंही चालतं. सिलिका जेल नारिंगी रंगाची घ्या, ओलावा भरला की हिरवी होते, परत तापवून वापरता येते. निळी असते तिच्यात कोबाल्ट असतं, ती स्वयंपाकाच्या कढईत तापवायच्या भानगडीत पडू नका. काही जण खाद्यपदार्थ वाळवायचा डिहायड्रेटर वापरतात, ट्रे कापून जागा केली की बॉडी बसते, तापमान ४०-४५ च्या वर नको, पॉलिस्टायरिन (किटचं प्लास्टिक) वितळायला बराच वेळ असला तरी पातळ खांब आणि बंपर त्याआधीच वाकडे होतात. हेअर ड्रायर वापरायचाच तर स्प्रेच्या खोलीत नाही, सॉल्व्हंटचा वास भरलेल्या जागी तापलेली कॉइल नको, दुसऱ्या खोलीत, लांबून, मंद.

पडदा वाळून पक्का झाला असेल तर दुसरा उपाय, आणि हाच खरा. नुसतं थिनर मारायचं, रंग न घालता. मि. कलरचं लेव्हलिंग थिनर घ्या, त्यात रिटार्डर आधीच असतो, किंवा तामियाच्या लॅकर थिनरमधला रिटार्डर टाइप घ्या. हे लॅकरवरच चालतं, पाण्यातल्या अ‍ॅक्रिलिकवर किंवा इनॅमलवर नाही. आर्द्रता कमी असलेल्या वेळी, दाब १ बारच्या आसपास, १५ सेंमीवरून हलका तुषार फिरवायचा, पृष्ठभाग नुसता ओलसर चमकला की थांबायचं. वरचा थर पुन्हा विरघळतो, पोकळ्या मिटतात, आणि हळू उडणारं थिनर असल्यामुळे थर गार होत नाही, काळा डोळ्यादेखत परत काळा होतो. दहा-पंधरा मिनिटांनी राहिलेल्या जागेवर परत एक हलका फेरा. हाव केली की थिनर पॅनलच्या रेषांत साठतं आणि कडांवरचा रंग खाली सरकून प्रायमर दिसायला लागतो, त्यामुळे कडा आणि कोपऱ्यांवर हात चालता ठेवा. डिकल्स (पाण्यात भिजवून लावायचे स्टिकर) लावले असतील तर हा प्रयोग बिलकुल नको, ते सुरकुततात. आणि मेटॅलिकवर पण नको, विरघळलेल्या थरात चमकीचे कण हलतात आणि ढगाळ डाग पडतात, मेटॅलिक धुरकट झाला तर वाळू द्या आणि रिटार्डर घालून रंगाचाच नवा पातळ कोट द्या. त्या पद्मिनीला हेच केलं, दोन फेऱ्यांत काम झालं.

क्लिअर कोट, म्हणजे सगळ्यात वरचा पारदर्शक थर, पांढरा झाला असेल तर प्रश्न जरा नाजूक, कारण खाली डिकल्स असतात. पडदा वरवरचा असेल तर आठवडाभर नीट वाळू द्या, मग ३००० च्या पेपरपासून पुढे ओलं घासत जा आणि तामियाची पॉलिशिंग कंपाउंडं कोर्स, फाइन, फिनिश या क्रमाने. पडदा खोल असेल तर आधी थोडं घासून मग रिटार्डर घातलेला क्लिअर अगदी कोरड्या, हलक्या तुषारांत चढवायचा, पहिले दोन-तीन फेरे डिकल ओले होणार नाहीत एवढेच, म्हणजे खालचं सुरक्षित राहतं. मॅट क्लिअरचं पांढरं मात्र निराळं, त्यात मॅट करणारी भुकटी असते, कॅन नीट न हलवता किंवा जाड मारला की ती एका जागी साठून पांढरी दिसते, दमट हवेत आणखी जास्त. त्यावर ग्लॉस क्लिअरचा पातळ कोट मारला की बहुतेक वेळा रंग परत दिसतो, मग नीट हलवून परत मॅट.

रिटार्डर किती घालायचा यावर वाद घालणारे आहेत. वेगळा रिटार्डर, म्हणजे मि. रिटार्डर माइल्ड वगैरे, घालणार असाल तर पातळ केलेल्या मिश्रणाच्या ५ ते १० टक्के, त्याच्या पुढे जाऊ नका. तो फार हळू उडतो, जास्त झाला तर रंग आठवडाभर मऊ राहतो, बोटाचे ठसे उमटतात, उभ्या दारांवर ओघळ येतात आणि साध्या प्लास्टिकला पण चावतो. लेव्हलिंग थिनर वापरत असाल तर वेगळा घालायची गरज क्वचितच, फारच दमट दिवशी थोडासा.

कॅनवाल्यांचा प्रश्न: कॅनमध्ये रिटार्डर घालायचा कसा? घालता येत नाही. पण कॅन रिकामा करता येतो. तामियाच्या टीएस कॅनच्या नोझलला स्ट्रॉ लावून रंग हळूहळू काचेच्या बाटलीत सोडा, मोकळ्या हवेत, चष्मा लावून. त्यात गॅस विरघळलेला असतो, तो फेसाळत राहतो, म्हणून झाकण लगेच घट्ट लावू नका, फॉइलला भोक पाडून झाका आणि काही तास बसू द्या, अधूनमधून हळूच ढवळा. फेस यायचा थांबला की मग थिनर, रिटार्डर आणि एअरब्रश. ज्यांच्याकडे एअरब्रश नाही त्यांनी कॅन कोमट पाण्यात, हात सहज बुडेल इतपतच, दहा मिनिटं ठेवावा. गॅस बाहेर पडताना कॅन आणि फवारा दोन्ही गार होतात, कोमट कॅनने ते कमी होतं आणि थेंबही बारीक निघतात. उकळतं पाणी, गॅस, मायक्रोवेव्ह यातलं काही नाही, कॅनवर तापमानाची मर्यादा छापलेली असते ती उगाच नाही.

हार्डवेअरच्या दुकानातला एनसी (नायट्रोसेल्युलोज लॅकरचा) थिनर चालेल का, हे पण दरवर्षी. स्वस्त आहे, लिटरवर मिळतो, एअरब्रश धुवायला उत्तम. रंगात मात्र नको. एक तर तो भराभर उडतो म्हणजे ब्लशिंगला आमंत्रण, दुसरं त्याचा फॉर्म्युला दुकानागणिक आणि डब्यागणिक बदलतो, आणि तिसरं म्हणजे उघड्या पॉलिस्टायरिनला तो खातो. गाड्यांच्या डेंटिंग-पेंटिंगवाल्यांकडे स्लो थिनर मिळतो, त्याने ब्लशिंग कमी होतं हे खरं, पण किटच्या प्लास्टिकवर तो कसा वागेल ते स्प्रूच्या (किटचे भाग ज्या फ्रेमला जोडलेले येतात तिच्या) तुकड्यावर बघितल्याशिवाय बॉडीवर नको. रेझिन प्रिंटवाले इथे थोडे सुखी, नीट क्युअर झालेलं, म्हणजे अतिनील उजेडात पक्कं घट्ट झालेलं, रेझिन थिनरला दाद देत नाही. नीट क्युअर झालेलं म्हणतोय, चिकट लागत असेल तर त्यावर काहीच टिकणार नाही.

आणि ‘टू-के क्लिअर मारा, ब्लशिंगची कटकटच नाही’ असा सल्ला देणारे असतात. टू-के म्हणजे हार्डनर मिसळून वापरायचा दोन भागांचा क्लिअर. चमक जबरदस्त येते यात वाद नाही. पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, ते पाण्याशी रिअ‍ॅक्ट होऊन कार्बन डायऑक्साइड सोडतं, म्हणजे दमट हवेत पडद्याऐवजी बुडबुडे. शिवाय फुप्फुसाला ते फार वाईट, एकदा अ‍ॅलर्जी बसली की दमा कायमचा मागे लागू शकतो. फ्लॅटच्या बाल्कनीत, शेजारच्या आजी वाळवणं घालतात तिथे, हे करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

पावसाळ्यातच काम करायचंय आणि ऑक्टोबरपर्यंत थांबवत नाही त्यांच्यासाठी वेळेचं एक गणित. दिवसभरात दवबिंदू फारसा हलत नाही, तापमान हलतं. म्हणजे पहाटे फरक सगळ्यात कमी आणि दुपारी दोन ते चारच्या दरम्यान सगळ्यात जास्त. सकाळी लवकर, ‘धूळ नसते’ म्हणून मारणारे नेमक्या वाईट वेळी मारतात. पावसाने दोन दिवस उघडीप दिली, ऊन पडलं, की दुपारची वेळ पकडा. पुण्याला तापमानच कमी असतं म्हणून त्यांना वाटतं आपल्याकडे दमटपणा नाही, पण श्रावणात तिथेही आर्द्रता ८० च्या पुढे असते आणि फरक तोच ४ अंश, हायग्रोमीटर बघा.

आणि कोमट बॉडीची युक्ती. मघाचा डिहायड्रेटर किंवा सिलिकाचा उबदार डबा, त्यात बॉडी स्टँडसकट अर्धा तास ३८-४० अंशांवर ठेवायची आणि काढल्या काढल्या कोट मारायचा. बॉडी हवेपेक्षा आठ-दहा अंश वर असते म्हणजे फरक तेवढ्याने वाढला, ३ चा ११ ते १३ झाला. अट एकच, किटची बॉडी जेमतेम मिलिमीटरभर जाडीची, उष्णता धरून ठेवत नाही, दोन-तीन मिनिटांत गार होते. म्हणून एक पातळ कोट, परत डब्यात, पंधरा मिनिटांनी दुसरा. एकच जाड ओला कोट दिला तर कोमट बॉडीचा सगळा फायदा त्या सॉल्व्हंटनेच खाल्ला. फार जास्त तापवली तर रंग पडल्या पडल्या वाळतो आणि संत्र्याच्या सालीसारखा पृष्ठभाग येतो, मग ते घासायचं वेगळं काम.

शेवटी एक, कारण याचाही फोटो लोक ब्लशिंग म्हणूनच दाखवतात. रंग छान आलाय, पण विंडस्क्रीनच्या कडेला आतून पांढरी वाफ धरलीये आणि बोटांचे ठसे सुद्धा पांढरे उमटलेत. हा रंगाचा विषयच नाही, काच फेविक्विकसारख्या सायनोअ‍ॅक्रिलेट गमने चिकटवलीये. त्याची वाफ उडते आणि आजूबाजूच्या ओलाव्यावर, बोटाच्या तेलकट ठशावर पांढरी घट्ट होऊन बसते, बंद केबिनमध्ये तर जास्तच. काच निघत असेल तर काढा, फाइन आणि मग फिनिश कंपाउंडने मऊ कापडावर घासा, बहुतेक जातं. निघत नसेल तर आतून इअरबड जाईल तिथपर्यंत तेच. पुढच्या वेळी काचेला लाकडाचा पांढरा गोंद, म्हणजे फेविकॉलसारखा पीव्हीए, टूथपिकने कडेला लावा. वाळल्यावर पारदर्शक होतो, जास्त झाला तर ओल्या बडने पुसता येतो. पावसाळ्यात वाळायला रात्रभर लागतो, तोवर टेपचा एक तुकडा लावून काच जागेवर धरून ठेवा.